पळस फुलला, मुलांची पाटी काढा

गेल्या फाल्गुनातली गोष्ट आहे. मिरज तालुक्यातील एका गावी आपल्या वस्तीवर आम्ही रविवारच्या बैठकीसाठी गेलो होतो. विहाराची किल्ली ज्यांच्याकडे असते ते गृहस्थ द्राक्षबागेत कामाला गेलेले. म्हणून आम्ही शेजारच्या एका घराच्या ओट्यावर बसलो. त्या घरची पहिलीतली मुलगी खणखणीत आवाजात धडा वाचत होती. कुठे अडखळणे नाही की थांबणे नाही. कौतुकाने आम्ही जवळ गेलो, तर पुस्तक उलटे धरलेले!

धडा तिला पाठ होता. आम्ही पुस्तक सुलटे केले, मधल्याच एका शब्दावर बोट ठेवले आणि विचारले, "बाळा, हा कोणता शब्द?" तिने धडा पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली. त्या शब्दापर्यंत जायचा तिला तेवढा एकच रस्ता ठाऊक होता. मार्च महिना सुरू होता, शाळेचे वर्ष संपत आले होते आणि तिला एकही अक्षर ओळखता येत नव्हते. घरात मात्र सगळ्यांची समजूत, पोरगी झकास वाचते.

मग सहज म्हणून आम्ही अंगणात पडलेले एक लाल फूल उचलून तिच्यापुढे धरले. ती म्हणाली, "पांगारा. वड्याच्या कडंला हाय. त्येला काटं असत्यात." एवढ्यावर ती थांबली नाही. सावरीचा कापूस कधी उडतो, तांबट कुठे बसून टुकटुक करतो, चिंच कोणत्या झाडाची गोड, सारे तिने सांगितले. आम्ही बोटांवर मोजत होतो. वीसच्या पुढे नावे गेली. ज्या मुलीच्या तोंडी एवढे शब्द आहेत, तिला वर्षभरात एक अक्षर येऊ नये, यात दोष त्या मुलीचा नाही. तिचे शब्द एकीकडे आणि पाटी दुसरीकडे, असे झाले आहे. या दोहोंची गाठ कशी घालून द्यावी, यासाठी हा लेख आहे.

पालकहो, फाल्गुन ते वैशाख हे दिवस आपल्या घरांत कसे जातात ते आपण जाणतोच. तासगाव-मिरजेकडे द्राक्षांची तोडणी आणि बेदाण्याची शेड, कृष्णाकाठी हळद शिजवणे-वाळवणे, वाळव्याकडे उसाची अखेरची तोड. बायामाणसे सकाळी सातला घर सोडतात. शाळा सकाळची होते, पुढे सुट्टी लागते आणि पोरे दिवसभर मोकळी. कुणी झाडावर, कुणी मोबाईलवर. याच दिवसांत निसर्ग मुलांपुढे सर्वात जास्त सामान मांडतो. पानगळ होते, पालवी फुटते, मोहराची कैरी होते, पळस-पांगारा पेटतो. आणि याच दिवसांत आपल्याकडे १४ एप्रिल येतो, वैशाखी पौर्णिमा येते. आमच्या मते मुलांना अक्षरओळख करून द्यायला यासारखा हंगाम नाही. जूनची वाट पाहण्यात तीन महिने वाया जातात.

नोकरीतल्या बदल्यांमुळे आम्ही सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे वस्तीवस्तीने पाहिले आहेत. सातारा म्हटले की आपल्याला ७ नोव्हेंबर १९०० आठवतो. त्या दिवशी बाल भीमराव साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, दाखल झाले. शाळेच्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकापुढे 'भिवा रामजी आंबेडकर' ही नोंद आहे. २०१७ पासून राज्यात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. वर्गात वेगळे बसायचे, बसायला घरून गोणपाट न्यायचे, हे सारे आपण मुलांना सांगतो आणि सांगितलेच पाहिजे. पण धनंजय कीरांच्या चरित्रात आणखी एक गोष्ट आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. या मुलाला बागेचा नाद होता. हाती आलेले पैसे तो रोपांवर घालवी आणि रोपांना नवी पाने फुटेपर्यंत त्यांची निगा राखी. ज्या मुलाला वर्गात गोणपाटाएवढीच जागा होती, तो घरी झाड वाढवत होता. आपल्या मुलांना ही गोष्ट फार आवडते, असा आमचा अनुभव आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मुले शाळेत जातात, तरी वाचायला का शिकत नाहीत? सातारा जिल्ह्यातच, फलटणला, या प्रश्नावर मोठे काम झाले आहे आणि ते आपल्या वस्तीतूनच सुरू झाले. मॅक्सिन बर्नसन या मूळच्या अमेरिकेच्या. भाषाशास्त्राच्या अभ्यासासाठी त्या फलटणला आल्या, तिथली माणसे कशी बोलतात यावर त्यांनी प्रबंध लिहिला, फलटणमध्येच घर केले आणि भारताचे नागरिकत्व घेतले. आंबेडकरी चळवळीच्या अभ्यासक म्हणून ज्यांना आपण मानतो त्या एलिनॉर झेलियट यांच्याबरोबर त्यांनी ग्रंथही संपादित केला आहे. फलटणच्या दलित वस्तीतली मुले शाळेत जाऊनही कोरी राहतात, हे पाहून त्यांनी या मुलांना वाचायला शिकवायला घेतले. त्यातून पुढे प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी राहिली.

त्यांच्या पद्धतीतला गाभा सांगतो. मुळाक्षरे 'क' पासून 'ज्ञ' पर्यंत ओळीने घोकून घ्यायची नाहीत. थोडी अक्षरे निवडून त्यांचा लहान गट करायचा, त्यांच्यासोबतच काना-मात्रा द्यायच्या, म्हणजे मूल पहिल्या काही दिवसांतच अर्थ असलेला शब्द वाचते. आपल्याला वाचता येते हे त्याचे त्यालाच कळते. सगळी बाराखडी पाठ होईपर्यंत शब्दाचे तोंड न पाहणारी मुले मध्येच गळतात.

हे ऐकून आम्ही आमच्यापुरता एक गट तयार केला. तो फलटणचा नव्हे, आमच्या रानाचा आहे. त्यात प, न, क, स, र, ळ, त ही सात अक्षरे आणि एक काना आहे, आणखी काही नाही. यातून होणारे शब्द पाहा: पान, रान, कान, नाक, रस, ताक, सात, रात, काळा, तारा, नारळ, पळस, सकाळ. यातला प्रत्येक शब्द पाच वर्षांच्या मुलाने पाहिलेला, चाखलेला किंवा हाताळलेला आहे. पंधरा दिवसांत दोन शब्द जोडून 'रानात पळस' एवढे मूल वाचते. मग त्याला पळसाखाली न्यायचे आणि तिथे वाचायला लावायचे.

करायचे कसे? सकाळी किंवा ऊन उतरल्यावर मुलांना घेऊन वस्तीच्या कडेने चक्कर मारावी. प्रत्येकाने एकच वस्तू आणायची: पान, शेंग, पीस, कैरी, काहीही. परत आल्यावर गोल करून बसावे. मुलाने आपल्या वस्तूविषयी बोलावे. वास कसा, चव कशी, कुठे सापडली? हे बोलणे कधीही टाळू नये, वाचनाचे निम्मे काम तिथेच होते. मग वस्तूचे नाव मोठ्या अक्षरांत एका चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी वस्तूशेजारी ठेवावी. दुसऱ्या दिवशी वस्तू सुकते, पण चिठ्ठी राहते. चिठ्ठ्या मिसळून टाकाव्यात आणि ज्याने त्याने आपली शोधावी. वस्तीत जयंतीची हँडबिले ढिगाने उरतात, त्यांची मागची बाजू कोरी असते. हिशेब मांडायची आम्हाला सवय, म्हणून सांगतो: आमचा महिन्याचा खर्च खडूच्या एका डबीचा झाला.

पिंपळाचे झाड जवळ असेल तर चैत्रात मुलांना त्याच्याखाली जरूर न्या. कोवळी पाने तांब्याच्या रंगाची, हळूहळू हिरवी होतात. एकाच फांदीवर तिन्ही रंग सापडतात. लांबडे टोक असलेले हे पान मुले विहारातल्या चित्रात रोज पाहतात. याच जातीच्या झाडाखाली सिद्धार्थाला बोधी प्राप्त झाली, हे सांगायला वेगळा तास लागत नाही. पान हातात असतानाच सांगून होते.

इथे एका वादाचा उल्लेख केला पाहिजे. आपल्या पिढीने 'ग गणपतीचा' घोकला. आपल्या घरात तो नको, यावर कार्यकर्त्यांत दुमत नाही. आम्ही 'ग गवताचा' म्हणतो. पण काही मित्रांनी 'ब बुद्धाचा, भ भीमाचा' असा तक्ता करावा असे सुचवले. त्यांची भावना आम्हाला मान्य आहे, तक्ता मात्र मान्य नाही. 'बु' मध्ये उकार आहे, पुढे जोडाक्षर आहे. 'भी' मध्ये वेलांटी आहे. मुलाला सुटा 'ब' दाखवायचा तर बदक किंवा बकरी बरी. भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची ओळख मुलाला तक्त्यातून व्हायची नसते. ती घरातल्या फोटोपुढे, आजीच्या मांडीवर होते. बैठकीत यावरून आवाज चढले. अजूनही एक-दोन मित्र आमच्याशी नीट बोलत नाहीत.

पण त्यांच्या म्हणण्यातले एक सत्य आम्ही उचलले. एप्रिल उजाडला की वस्तीत निळे झेंडे लागतात, कमानी उभ्या राहतात, भिंती रंगतात. आपल्या मुलांना वाचता येण्याआधीच 'जयभीम' हा शब्द चित्रासारखा ओळखू येतो. तो कुठेही लिहिलेला असो, मूल बोट दाखवते. मग तोच शब्द घ्यावा आणि त्याचे तुकडे करावेत: ज, य, भी, म. हाच 'म' मोहरात आहे, हाच 'ज' जांभळात आहे, असे पुढे न्यावे. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांची शाळा दीड दिवसाची. ते मुंबईत दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे वाचत अक्षरे शिकले, हे सर्वश्रुत आहे. वाळवा तालुक्यातला हा माणूस पाट्या वाचून साहित्यसम्राट होऊ शकतो, तर आपली मुले कमानीवरून चार अक्षरे नक्कीच घेतील.

आता बोलीविषयी. एका मुलाने कडुनिंबाची डहाळी आणली, तुरे पांढरे फुललेले, वास घमघमाट. आम्ही नाव विचारले तर म्हणाला, "लिंब." आम्ही चिठ्ठीवर 'लिंब' लिहिले. ती चिठ्ठी त्याने दप्तरातून शाळेत नेली. तिथे त्याला सांगण्यात आले की हे चूक आहे, 'कडुनिंब' लिही, लिंबू वेगळे आणि निंब वेगळा. मुलाने चिठ्ठी फाडली आणि पुढचे दोन रविवार तो आलाच नाही. आमच्या सातारा-सांगलीत घरोघर या झाडाला लिंबच म्हणतात. साताऱ्याजवळ लिंब नावाचे अख्खे गाव आहे, बारा मोटांच्या विहिरीसाठी प्रसिद्ध. त्या गावाने आता नाव बदलायचे काय? पुस्तकी शब्द मुलाला आलाच पाहिजे, उद्या परीक्षा त्याच भाषेत द्यायची आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. पण तो दुसरा शब्द म्हणून यावा. घरात 'लिंब', पुस्तकात 'कडुनिंब', दोन्ही चिठ्ठ्या एकाच डहाळीला बांधाव्यात. पहिल्याच शब्दाला "तुझे चूक" असे ऐकणारे मूल पुढे तोंडच उघडत नाही. मागच्या बाकावर गप्प बसलेली आपली कितीतरी मुले अशीच गप्प झालेली आहेत.

लिहिण्याची घाई मात्र करू नये. चार वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल कोंबून पानभर 'अ' गिरवून घेणारे पालक आम्ही पाहतो. त्या बोटांत अजून बळ नसते. पूर्वी धूळपाटी होती, धुळाक्षरे होती. चैत्रात अंगणात मऊ धूळ आयती असते. तीत बोटाने आधी उभी रेघ ओढावी, ती गवताची काडी. मग बाक काढावा, ती कैरी. मग गोल, ते लिंबू. मग वेलीचा ताणा. एवढे हाताला सरावले की अक्षर सोपे जाते. जुने मास्तर 'गमभन' पासून लिहायला शिकवत. ग, म, भ, न यांची वळणे एकमेकांना जवळची, एक आले की दुसरे हाताला लवकर बसते. वाचायला गट वेगळा आणि गिरवायला वेगळा असला तरी मुलांचे काही अडत नाही. चिंचा फोडायचे दिवस असतात, घरात चिंचोके साठतात. फरशीवर खडूने मोठे अक्षर काढून त्यावर चिंचोके मांडायला द्यावेत. तासभर मुले हलत नाहीत.

एक काळजी घ्या. लाल गुंजा दिसायला सुंदर, पण चावून पोटात गेल्या तर जीवघेण्या. एरंडाच्या बिया, कण्हेर, धोतराही तसेच. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नये. ही झाडे मुलांना दुरून दाखवावीत आणि नावे पक्की करून घ्यावीत.

हे सारे आम्हीच शोधून काढले असे कुणी समजू नये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यात (आता पालघर) बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. वस्तीतली मुले बालवाडीत येत ना, म्हणून बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हे नाव तिथले. महागडी साधने परवडत नव्हती, म्हणून पाने, बिया, खडे, शंख-शिंपले हीच साधने केली. १९७५ मध्ये सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि हे नाव गावोगाव पोहोचले. आज आपल्या वस्तीतली अंगणवाडी बहुतेकांना खाऊपुरतीच ठाऊक आहे. तिथल्या ताईंना भेटा. मुलांनी आणलेल्या पानाफुलांसाठी एक कोपरा मागा. त्यांच्यावर कामाचा आणि रजिस्टरांचा बोजा केवढा असतो ते आम्ही कारकून आहोत म्हणून आम्हाला कळते. तरी बहुतेक ताई नाही म्हणत नाहीत.

आणि सावित्रीमाई. त्यांचे जन्मगाव नायगाव सातारा जिल्ह्यातले. 'काव्यफुले' हा त्यांचा संग्रह १८५४ साली निघाला. त्यात पिवळ्या चाफ्यावर, जाईच्या फुलावर, फुलपाखरावर कविता आहेत. मुलींची शाळा चालवणारी, अंगावर शेण झेलणारी ही बाई चाफ्याकडे पाहायलाही विसरली नव्हती. ३ जानेवारीला आपण त्यांच्या प्रतिमेला हार घालतो. चाफा फुलेल तेव्हा त्यांच्या कविताही मुलांना वाचून दाखवाव्यात.

"आम्हालाच वाचता येत नाही, आम्ही काय शिकवणार?" असे माउल्या विचारतात. त्यांना आमचे सांगणे असे, की तुम्ही बोला. झाडांची नावे, औषधे, उखाणे, लहानपणीच्या गोष्टी, जे येते ते बोला. सातवी-आठवीतल्या थोरल्या बहिणीने ते वहीत उतरावे आणि धाकट्याला वाचून दाखवावे. आपल्या आईचे बोलणे कागदावर उतरते आणि पुन्हा जसेच्या तसे वाचता येते, हे पाहिले की मूल डोळे मोठे करते. इंग्रजी माध्यमासाठी कर्ज काढणाऱ्यांनाही हेच सांगू. घरच्या भाषेत वाचनाचा पाया पक्का झाला की दुसरी भाषा लवकर येते. सरकारने २०२१ साली 'निपुण भारत' जाहीर केले, तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाने समजून वाचावे असे ठरवले आणि त्यासाठी २०२६-२७ ची मुदत घातली. आपल्या मुलाचे त्यात काय झाले, हे शाळेत जाऊन विचारायचा आपल्याला हक्क आहे. एकदा पुस्तक सुलटे धरून मधल्याच शब्दावर बोट ठेवून पाहा.

पुस्तक उलटे धरणाऱ्या त्या मुलीकडे आम्ही पुढचे दोन महिने दर रविवारी जात राहिलो. सात अक्षरे तिला चौथ्या आठवड्यात आली. मध्ये एकदा विसरली, पुन्हा आली. बुद्धपौर्णिमेच्या आदल्या रविवारी गेलो तेव्हा घराला कडी होती. मुलगी अंगणात एकटीच बसली होती आणि धुळीत बोटाने मोठ्या अक्षरांत लिहिले होते: 'आय रानात'. 'य' तिने 'जयभीम' मधून घेतला असावा, 'आ' बहुधा आंब्यातून. आम्ही तिला काही शिकवले नाही, नुसते शेजारी बसलो.

संध्याकाळी आई हळदीने पिवळे झालेले हात घेऊन परतली. मुलीने तिला ओढत नेऊन अक्षरे दाखवली. "काय लिवलंय?" तिने विचारले. मुलीने एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचून दाखवले. दुसऱ्या दिवशी पहाटे कामावर जाण्यापूर्वी आईने अंगण झाडले, तेवढा तुकडा सोडून.